मनातला देश आणि उतरल्यावर भेटणारा देश

प्रश्न थोडक्यात असा आहे की एखाद्या देशाबद्दल आपण जे ऐकलेलं, रील्समध्ये बघितलेलं असतं आणि तिथं प्रत्यक्षात जे असतं त्यातला फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला परदेशात फिरायचंय, तर कुठले देश निवडावेत, किती दिवस काढावेत, एकट्यानं जावं की ग्रुपबरोबर, आणि आठ-दहा दिवस टूरिस्ट म्हणून जाऊन खरा देश दिसतो तरी का. मी गेली २२ वर्षं छोटे ग्रुप घेऊन फिरतेय, मधेमधे एकटीही जाते, पन्नासच्या वर देश झालेत. हा प्रश्न मला फार जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

दिसतो, नक्की दिसतो. पण निघायच्या आधी एक काम करा जे बहुतेक लोक करत नाहीत. एका कागदावर त्या देशाबद्दल तुम्हाला आत्ता काय वाटतं ते लिहून काढा, नेटवर काहीही न बघता. हवा कशी असेल, लोक कसे वागतील, रस्त्यावर बायका किती दिसतील, रात्री बाहेर पडता येईल का, पैसे कसे द्यावे लागतील, लोक आपल्याकडे बघून हसतील का. दहा-पंधरा ओळी बास. आणि प्रत्येक ओळीच्या पुढं हे मला कुठून कळलं ते लिहा, बातमी, पिक्चर, शाळेचं पुस्तक, कुणीतरी सांगितलेलं, जे असेल ते. हे न लिहिता गेलात तर परत आल्यावर आठवतच नाही आधी काय वाटत होतं, नवीन बघितलेलं जुन्याच्या जागी जाऊन बसतं आणि माणूस मनापासून म्हणतो की मला तर माहितीच होतं. मी माझ्या प्रत्येक ग्रुपकडून हा कागद विमानतळावर भरून घेते आणि जपून ठेवते.

असे शेकडो कागद वाचून माझं एक मत झालंय. आपल्या मनातलं चित्र सहसा खोटं नसतं, शिळं असतं. तो देश शेवटचा ज्या दिवशी मोठ्या बातमीत होता त्या दिवशी आपल्या डोक्यात थांबलेला असतो, आणि तोही सगळा देश नसतो, त्याचा एक कोपरा असतो.

इथिओपिया घ्या. आमच्या ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं होतं दुष्काळ, वाळवंट, प्रचंड ऊन. कुठून कळलं, तर १९८४ च्या दुष्काळाचे फोटो. तो दुष्काळ खरा होता, लाखो माणसं गेली, त्यात काही खोटं नाही. पण तो मुख्यतः देशाच्या उत्तर भागातला, आणि त्याला ४० वर्षं झाली. आम्ही ऑगस्टमध्ये अदिस अबाबाला उतरलो तर हवा गार, सगळे बॅगेतून स्वेटर शोधायला लागले आणि अर्ध्या लोकांकडे स्वेटर नव्हताच, कारण आफ्रिकेत जातोय ना. ते शहर समुद्रसपाटीपासून साधारण २,३५० मीटर उंचीवर आहे. आजूबाजूचे डोंगर हिरवेगार. आफ्रिकन युनियनचं मुख्यालय याच शहरात आहे.

पण खरा धडा तिथं हवेनं दिला नाही, घड्याळानं दिला. मी ड्रायव्हरला सांगितलं की सकाळी सहाला निघायचं. तो हो म्हणाला आणि आला दुपारी बाराला, अगदी वेळेवर, शांतपणे. आम्ही सहा तास लॉबीत बसून होतो आणि ग्रुपमधले दोघंतिघं म्हणायला लागले की बघा, इथं लोकांना वेळेची किंमतच नाही. त्याला मात्र वेळेची पूर्ण किंमत होती. तिथं दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे सहा म्हणजे आपले दुपारचे बारा. कॅलेंडरही वेगळं आहे, ३० दिवसांचे १२ महिने आणि वर पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना, सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागं, सन २००० त्यांनी साजरं केलं ते आपल्या सप्टेंबर २००७ मध्ये. विषुववृत्ताच्या जवळ दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच असतो, सूर्य रोज त्याच सुमाराला उगवतो, मग मोजणी तिथून सुरू करणं किती सरळ आहे, मध्यरात्री झोपेत असताना दिवस बदलणं हेच उलट विचित्र नाही का? तेव्हापासून माझा एक नियम झालाय, परदेशात एखादा माणूस चुकतोय असं वाटलं की आधी तो कुठल्या नियमानं बरोबर असू शकतो ते विचारायचं. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली ना की निम्मा देश समजतो.

असे शिळ्या बातमीचे देश बरेच आहेत. व्हिएतनाम म्हटलं की लोकांना युद्धच आठवतं, ते १९७५ ला संपलं, आज तिथं राहणारे बहुसंख्य लोक त्यानंतर जन्मलेत आणि त्यांना त्याबद्दल विचारलं तर ते आजी-आजोबांकडे बोट दाखवतात. कोलंबियातलं मेडेलिन शहर १९९१ च्या सुमाराला खुनांसाठी जगात कुप्रसिद्ध होतं, त्याच शहरात २००४ पासून डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना खालच्या मेट्रोशी जोडणारी केबल कार चालू आहे, टूरिस्टसाठी बांधलेली नाही, कामावर जाणाऱ्या लोकांसाठी आहे, तिकीटही मेट्रोचंच. त्यात बसून वर जा आणि शेजारी बसलेल्यांच्या हातातल्या पिशव्या बघा.

रवांडाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. १९९४ चा नरसंहार, साधारण १०० दिवसांत काही लाख माणसं मारली गेली. लोक हेच डोक्यात घेऊन जातात आणि राजधानी किगालीत उतरल्यावर गोंधळतात, कारण रस्ते इतके स्वच्छ की जमिनीवर कागद दिसत नाही, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, संसदेत बायका निम्म्याहून जास्त आहेत, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळे लोक मिळून गल्लीतली, रस्त्याची कामं करतात त्याला उमुगांडा म्हणतात. मग तेच लोक दुसऱ्या टोकाला जातात, आफ्रिकेतलं स्वित्झर्लंड आहे वगैरे. इथं मी ग्रुपला थांबवते. नरसंहाराचं मेमोरियल बघा, ते बघितल्याशिवाय येऊ नका. आणि हेही लक्षात घ्या की पॉल कागामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत, राजकारणाचा विषय निघाला की समोरचा माणूस गोड हसून विषय बदलतो. ती स्वच्छता खरी आहे आणि राजकारणावरचं ते गप्प राहणं पण. दोन्ही एकाच देशात आहेत. पहिला धक्का बसला की आपण जुनं चित्र फेकून त्याच्या जागी नवीन तेवढंच सपाट चित्र लावतो, आणि ही चूक मी जुन्या चित्राच्या चुकीपेक्षा मोठी मानते, कारण आता वर "मी स्वतः बघून आलोय" असा शिक्का बसलेला असतो.

आता उलट बाजू, ज्या देशांबद्दल आपल्याला फार उंच वाटत असतं ते.

जपानला जाणाऱ्यांच्या कागदावर रोबो, बुलेट ट्रेन, सगळं डिजिटल असं लिहिलेलं असतं. बुलेट ट्रेन आहेच, १९६४ पासून आहे, आणि सेकंदाच्या हिशोबानं चालते. पण छोट्या गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी पोचलं की रोख पैसे मागतात, बुकिंग फॅक्सनं कन्फर्म झालेलं असतं, कागदपत्रावर सहीच्या जागी हांको म्हणजे नावाचा शिक्का मारतात. सरकारी कामात अमुक गोष्ट फ्लॉपी डिस्कवरच द्या असं सांगणारे हजाराहून जास्त नियम होते, ते २०२४ मध्ये काढून टाकले. आणि हिवाळ्यात जुन्या घरात राहिलात तर कळेल की घर गरम करण्याची पद्धतच वेगळी आहे, पूर्ण घर तापवत नाहीत, एक बुटकं टेबल असतं, त्याच्याखाली हीटर आणि वरून रजई, सगळे पाय आत घालून बसतात, बाकी खोली बर्फासारखी. मी पहिल्यांदा अशा घरात राहिले तेव्हा रात्री झोप लागली नाही पण त्या टेबलाभोवती आजी, सून, नातू संध्याकाळभर एकत्र का बसतात ते कळलं.

मग जपान मागासलेला आहे का? असं म्हणून परत येणारे लोकही मी बघितलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. तिथं एखादी गोष्ट नीट चालत असेल तर नुसतं नवीन आलं म्हणून जुनं टाकत नाहीत, आणि लोकसंख्येत जवळजवळ २९ टक्के माणसं ६५ च्या पुढची आहेत, ज्यांना कागद आणि शिक्का समजतो. १९६४ ची ट्रेन आणि आजचा फॅक्स, दोन्हींच्या मागं एकच स्वभाव आहे, जे करायचं ते पक्कं करायचं आणि मग सहजासहजी हलवायचं नाही. हे समजायला तुम्हाला टोकियो सोडून लोकल गाडीनं तासभर बाहेर जावं लागतं. खेड्यात बंद घरांच्या रांगा दिसतात, देशात सगळी मिळून रिकामी घरं साधारण ९० लाख आहेत. टोकियोची गर्दी बघून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी असं गाव दिसलं की तो गप्प होतो. रस्त्यावर कचऱ्याच्या कुंड्या नसणं हेही सगळे लिहितात, पण त्याचं एक मोठं कारण फार कमी लोकांना माहीत असतं, १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला आणि त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या कुंड्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. स्वच्छतेची सवय आहेच, पण कचरा घरी घेऊन जाण्यामागं भीतीचाही एक इतिहास आहे.

जर्मनी पण असाच. घड्याळासारख्या चालणाऱ्या ट्रेन हे ज्यानं लिहिलं त्याला कनेक्शन चुकल्यावर मी तो कागद दाखवते. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्यांच्या हिशोबात उशीर धरतच नाहीत. त्यामुळे दोन गाड्यांमध्ये किमान एक तास ठेवा, हे अगदी मनावर घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, तो सुट्टीचा दिवस तिथं राज्यघटनेनंच राखून ठेवलाय, शनिवारी संध्याकाळीच सामान आणून ठेवा.

स्वित्झर्लंडबद्दल एकच सांगते कारण ते ऐकून सगळे चकित होतात. बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला, आणि एका छोट्या प्रांतात स्थानिक मतदानासाठी तर १९९० पर्यंत थांबावं लागलं, तेही कोर्टानं सांगितल्यावर.

रँकिंगमुळे होणारे गैरसमज हा वेगळाच प्रकार. फिनलंड २०१८ पासून दरवर्षी आनंदाच्या जागतिक पाहणीत जगातला सर्वांत आनंदी देश म्हणून पहिला येतोय, म्हणून लोक हसरे चेहरे शोधत जातात. बसस्टॉपवर माणसं एकमेकांपासून लांब लांब उभी, कुणी कुणाशी बोलत नाही, लिफ्टमध्ये शांतता. मग लोक म्हणतात की हे कसले आनंदी. अहो, त्या पाहणीत तुम्ही किती हसता असं विचारतच नाहीत, एक शिडी कल्पना करा, शून्य ते दहा पायऱ्या, सर्वांत वर तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात असं विचारतात आणि त्याच्या सरासरीवर नंबर लागतो. म्हणजे आजारी पडलो, नोकरी गेली तर काय होईल याची धास्ती नसणं त्यात येतं, चेहऱ्यावरचं हसू येत नाही. फिनिश माणूस मोकळा कुठं होतो ते बघायचं असेल तर सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत जा, ५५ लाखांच्या देशात साधारण ३० लाख सौना आहेत, तिथं अनोळखी माणूसही अर्धा तास आपल्या वडिलांबद्दल बोलतो. भूतानचंही तसंच, सकल राष्ट्रीय आनंदाचा देश म्हणून लोक जातात, आणि हॉटेलातल्या तरुण पोरापोरींशी जरा बोललं की कळतं त्यांच्यातले किती जण ऑस्ट्रेलियाला जायच्या तयारीत आहेत. आनंदाची ती कल्पना खोटी ठरत नाही त्यानं, पण ती राज्यकारभाराची दिशा आहे, प्रत्येक माणसाचा मूड नाही.

हवामान आणि नकाशा यांत तर जवळजवळ प्रत्येकजण चुकतो, आणि हे टाळणं सर्वांत सोपं आहे. पेरू म्हणजे हिरवे डोंगर आणि जंगल असं वाटून लोक लिमाला उतरतात आणि समोर वाळवंटी किनारा, त्यावर महिनोन्‌महिने करडं आभाळ. समुद्रातून थंड हम्बोल्ट प्रवाह जातो त्यामुळे धुकं धरतं पण पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथले लोक त्या आभाळाला गाढवाचं पोट म्हणतात. ओमान म्हणजे वाळू, पण सलालाहला जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत जा, मान्सूनच्या वाऱ्यानं डोंगर हिरवे आणि धबधबे वाहतायत. आइसलंडच्या राजधानीत जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, नावात बर्फ असला तरी देशाचा साधारण ११ टक्केच भाग हिमनद्यांखाली आहे. आणि भिंतीवरचा जो नेहमीचा नकाशा असतो तो १५६९ च्या मर्केटरच्या पद्धतीचा, जहाजांना दिशा धरायला बनवलेला, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे. हे समजून न घेता लोक आफ्रिकेतले चार देश दहा दिवसांत बसवायला बघतात आणि मग सगळा वेळ विमानतळावर जातो.

मोठ्या प्रसिद्ध ठिकाणी निराश होणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हिरोआकी ओटा या जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकातच हे टिपलं होतं, काही पर्यटक तिथं येऊन अपेक्षाभंगानं खरोखर आजारी पडायचे, त्याला पुढं पॅरिस सिंड्रोम नाव पडलं. इतकं टोकाचं फार थोड्यांना होतं, पण सौम्य प्रकार मी दरवर्षी बघते. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे, समोर दोनशे फोन वर केलेले. पिरॅमिडला वाळवंटातून उंटावर जायचं अशी कल्पना असते आणि शहराची घरं अगदी पठाराच्या पायथ्यापर्यंत आलेली असतात. पॅरिसबाबत मी काय करते सांगते. ज्याला आपण पॅरिस म्हणतो ती रिंगरोडच्या आतली १०५ चौरस किलोमीटरची जागा, तिथं २१ लाख लोक राहतात, आणि बाहेरच्या उपनगरांसकट मोजलं तर कोटीच्या वर. म्हणजे पॅरिसची बहुतेक माणसं आपल्या फोटोतल्या पॅरिसमध्ये राहतच नाहीत. म्हणून एक सकाळ ग्रुपला उपनगरी ट्रेननं उलट्या दिशेला, उत्तरेकडच्या सेंट-डेनिसच्या बाजारात नेते. तिथं फ्रेंच राजांच्या कबरी असलेलं जुनं चर्च आहे आणि त्याच्या समोर निम्म्या जगातून आलेल्या लोकांचा बाजार भरतो. तिथून परत आल्यावर आयफेल टॉवर बघायला कुणी चिडत नाही, कारण आता तो एका मोठ्या शहरातली एक वस्तू असतो.

आता देश कुठले निवडायचे. माझं सांगणं, पहिल्यांदा जाताना दोन असे निवडा ज्यातल्या एकाबद्दल तुमच्या कागदावर सगळं वाईट लिहिलंय आणि दुसऱ्याबद्दल सगळं चांगलं. फक्त धोक्याच्या बाबतीत कागदावर विसंबू नका आणि माझ्यावरही नको, निघायच्या आठवड्यात सरकारी प्रवास सूचना बघा. इथिओपियाचंच सांगते, २०२० ते २०२२ उत्तरेत युद्ध होतं आणि नंतरही काही भागांत अशांतता आहे, एके काळी मी जिथं ग्रुप घेऊन बिनधास्त फिरले तिथं आज नेणार नाही. इराणचे लोक मला आतापर्यंत भेटलेल्यांत सर्वांत अगत्यशील, टॅक्सीवाला पैसे नको म्हणतो, ही तारोफची, म्हणजे तिथल्या शिष्टाचाराची रीत असते, तुम्ही दोनतीनदा आग्रह करून द्यायचे असतात. पण तिथं बाहेरची कार्डं चालत नाहीत, भाव तोमानमध्ये सांगतात आणि नोट रियालची, म्हणजे एक शून्याचा फरक, आणि कायदे कडक. माणसं प्रेमळ असली म्हणून सरकारचे नियम सैल होत नाहीत, आणि परिस्थिती कधी बिघडेल सांगता येत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

सुरुवातीला मला उझबेकिस्तान आणि सिंगापूर अशी जोडी आवडते. उझबेकिस्तानबद्दल लोकांना काहीच माहीत नसतं, नुसती धूसर भीती असते. ताश्कंदला उतरलं की रुंद रस्ते, झाडं, कारंजी, १९६६ च्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं शहर, १९७७ ची मेट्रो जिच्या स्टेशनांची छतं बघत बसावं (आत फोटो काढायला २०१८ पर्यंत बंदी होती). वेगवान ट्रेननं साधारण सव्वादोन तासांत समरकंद. रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांपुढं सगळे स्तब्ध होतात, पण तिथल्या जुन्या फोटोंमध्ये तेच मिनार वाकलेले, फरशा गळलेल्या दिसतात, आजचं रूप बरंचसं सोव्हिएत काळातल्या दुरुस्तीचं आहे. आणि बाजारात कान दिलात तर उझबेकच्या ऐवजी ताजिक, म्हणजे फारसीची बहीण, ऐकू येते. देशाचं नाव आणि शहराची भाषा जुळत नाही हे तिथं इतकं स्पष्ट कळतं की मग प्रत्येक देशात तुम्ही कान देऊन ऐकायला लागता.

सिंगापूर म्हणजे मॉल आणि काचेच्या इमारती, श्रीमंतांचं शहर, असं कागदावर असतं. मेट्रोनं शेवटच्या स्टेशनपर्यंत जा. दहातले जवळजवळ आठ लोक सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेल्या, आणि कुठल्या इमारतीत कुठल्या वंशाचे किती लोक राहू शकतात याचीही मर्यादा ठरलेली. खाली मोकळ्या मजल्यावर एकीकडे लग्न, दुसरीकडे अंत्यविधी. एक पूर्ण संध्याकाळ तिथं बसा. मग एका पहाटे पुलावरून मलेशियातल्या जोहोर बाहरूला जा, जेमतेम एक किलोमीटरचा तो पूल, आणि समोरून मोटारसायकलींची न संपणारी रांग येत असते, सिंगापूरला कामाला जाणारी माणसं, काळोखात घरून निघालेली. जमिनीवरून सीमा ओलांडा हा सल्ला मी सगळ्यांना देते. विमानात दोन देशांमधलं अंतर कळतच नाही, पायी किंवा बसनं गेलं की कोण कुठल्या दिशेला जातंय, कशासाठी जातंय, ते दिसतं.

किती दिवस, तर एका शहरात सलग पाच रात्री, कमीत कमी. पहिले दोन दिवस आपण आपल्या कागदाची खात्री करत असतो, जे वाटलं होतं तेच डोळ्यांना दिसतं. तिसऱ्या दिवशी उलटं दिसायला लागतं आणि माणूस उत्साहानं सगळ्यांना मेसेज करतो की इथं सगळं वेगळंच आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्ही एकत्र दिसायला लागतात, आणि नेमकं तेव्हा टूरची बस पुढच्या शहराला निघते. दहा दिवसांत दोन शहरं ठेवा, तिसरं नको. आणि रोज एक साधं काम करा जे टूरिस्ट करत नाहीत, केस कापा, पोस्टात जाऊन पाकीट पाठवा, औषधाच्या दुकानात सर्दीची गोळी मागा, शाळा सुटायच्या वेळी शाळेबाहेरच्या बाकावर बसा, कपडे धुवायला टाका. अमेरिकेत मी ग्रुपला सांगते की हॉटेलपासून दोन किलोमीटरवरच्या दुकानात चालत जाऊन या. बऱ्याच शहरांमध्ये मधेच फुटपाथ संपतो आणि तेव्हा कळतं की तो देश गाडीच्या मापानं बांधलाय. तिथं टीप द्यायची चीड येते ना लोकांना, त्यांनी वाढणाऱ्या मुलीला तिच्या पगाराबद्दल विचारावं, टीप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे, बाकीचं टीपमधूनच भरून यायचं असतं. काही राज्यांनी ते वाढवलंय पण सगळ्यांनी नाही.

लोकांशी बोलताना एक विनंती. तुमच्या देशाबद्दल आम्हाला असं असं वाटायचं, असं म्हणून सुरुवात करू नका, समोरच्याला उगाच स्वतःच्या देशाची बाजू मांडायला लागते. त्याऐवजी विचारा, बाहेरचे लोक तुमच्याबद्दल काय चुकीचं समजतात? माझ्या अनुभवात या एका प्रश्नावर टॅक्सीवाल्यापासून शिक्षिकेपर्यंत सगळे अर्धा तास बोलतात. आणि मग विचारा की काय बरोबर समजतात. तिथं थोडं थांबतात, आणि त्यानंतर जे सांगतात ते ऐका.

एकट्यानं की ग्रुपबरोबर, तर पहिला देश चार-सहा जणांबरोबर करा, कारण एकच गोष्ट प्रत्येकाला वेगळी दिसते आणि रात्री जेवताना त्यावर वाद होतो, तो वाद फार उपयोगाचा. दुसरा देश एकट्यानं. परत आल्यावर आठवड्याच्या आत कागदावर तिसरा रकाना भरा, काय निघालं ते. माझ्याकडे इथिओपियाच्या त्या ट्रिपचे सगळे कागद अजून आहेत. एका काकूंनी जाताना लिहिलं होतं, "पाण्याचे हाल असतील, बाटल्या बरोबर घेणे, कुठून कळलं: टीव्ही." पुढं तिसऱ्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात आहे, "रोज दुपारी धो धो पाऊस. छत्री न्यायला हवी होती. हॉटेलातल्या मुलीनं तिची दिली."